धाकटीने घासलेली काच

थोरली : मी म्हणते, काचच वाईट आहे. चंद्राला खळगे कुठले आले? चंद्र कसा, घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखा. सगळं जग म्हणतं.

मास्तर : सगळं जग नुसत्या डोळ्यांनी बघून म्हणतं, बाई. या नळीतून आजवर कुणी बघितलं नव्हतं.

थोरली : नळी तुमची असेल, मास्तर. काच आमच्या दुकानातली आहे. चष्मे घासता घासता माझे केस पिकले. काच चुकली की काय काय दिसतं, ते मला शिकवू नका.

धाकटी : जाऊबाई, मी ती पुन्हा पुन्हा उजेडात धरून तपासली होती.

थोरली : तू गप्प बस. दोघींनी एकेक घासली. मास्तरांनी तुझी उचलली, माझी धड पाहिलीसुद्धा नाही.

मास्तर : पाहिली. दोन्ही लावून पाहिल्या. हिच्या काचेतून कडा जरा स्वच्छ दिसल्या, एवढंच.

थोरली : एवढंच. आणि त्या एवढ्याशावर हिला खिडकीपाशी बसवलं. उजेडाची जागा, सासूबाईंनी मला दिलेली. आता मी मागे अंधारात काच घासायची वाळू चाळते.

धाकटी : मी मागितली नव्हती. तुमच्याच यजमानांनी, भाऊजींनी सांगितलं, बस म्हणून.

थोरली : तू कधी काही मागितलंस? तुला न मागताच मिळतं. लग्न होऊन आलीस, तेव्हा सासूबाई दारातच म्हणाल्या, चंद्राचा तुकडा आणलाय. मी शेजारीच उभी होते, तोंडभर देवीचे वण घेऊन. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ही कामाला बरी आहे.

धाकटी : किती वर्षं झाली त्याला.

थोरली : तुला झाली असतील.

मास्तर : बाई, खाली गावची जाणती मंडळी खोळंबली आहेत. वर आकाशात सगळं गुळगुळीत, खाचखळगे काय ते आपल्या जमिनीला, असं त्यांचे आजेपणजे सांगत आले. मी म्हणतो, चंद्रावर डोंगर आहेत, दऱ्या आहेत. गुरूच्या शेजारी चार ठिपके आहेत, आणि ते त्याच्याभोवती फिरतात, आपल्याभोवती नाही.

थोरली : घ्या. गुरूला चार पोरं झाली आणि आपल्याला पत्ता नाही.

मास्तर : हसा तुम्ही. ते म्हणतात, काच खराब, म्हणून नळी खोटं दाखवते. माझा शब्द मानत नाहीत. दुकानातल्या सगळ्यांत जुन्या हाताचा मानतील. तुम्ही काच वाईट म्हणालात, तर आजच नळी फोडतील आणि मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

थोरली : आणि हिचं काय?

धाकटी : मला परत काचेला हात लावू देणार नाहीत.

थोरली : म्हणजे खिडकी माझी.

धाकटी : हो. तुमचीच.

थोरली : रडू नकोस, काचेवर थेंब उडतील. आणा ती नळी इकडे. अर्धा चंद्र दिवसाढवळ्या वर आलाय, छपरामागे जायच्या आत बघून घेते.

(थोरली स्टुलावर बसून नळीला डोळा लावते.)

थोरली : आहेत. काच वाईट, मी सांगितलं नव्हतं? कडेला तर नुसती चाळण झालीय.

मास्तर : काचेची की चंद्राची?

थोरली : ते आता कळेल. चष्म्यात डाग दिसतो म्हणून गिऱ्हाईक आलं की आपण काय करतो गं?

धाकटी : काच जागच्या जागी फिरवतो. डाग काचेत असला तर काचेबरोबर फिरतो.

थोरली : मग फिरव तुझी काच. माझा डोळा इथेच आहे. हळू. नळी हलवू नकोस.

धाकटी : अर्धा फेरा झाला.

थोरली : फिरव अजून.

धाकटी : पुरा झाला, जाऊबाई.

मास्तर : बाई? खळगे फिरले का?

थोरली : थांबा हो, बघू द्या. प्रत्येक खळग्याच्या एकाच कडेला सावली आहे. सगळ्यांच्या त्याच कडेला. एका बाजूने ऊन पडल्यावर जशी पडते तशी.

धाकटी : मग?

थोरली : मग काय? तसूभर हलले नाहीत. काच चांगली घासलीस. माझ्यापेक्षा चांगली. हे एकदाच म्हणतेय, परत विचारलंस तर मी बहिरी आहे. मास्तर, मंडळींना सांगा, म्हातारी जिना उतरतेय. काच निर्मळ आहे, खळगे चंद्राचेच आहेत, हे त्यांच्या तोंडावर सांगते.

मास्तर : बाई, तुमचे उपकार...

थोरली : तुमच्यासाठी नाही. दुकानाच्या काचेला कुणी नावं ठेवलेली मला चालत नाहीत.

धाकटी : जाऊबाई, खिडकीपाशी तुम्हीच बसा.

थोरली : भीक नको. पुढची काच मी घासणार. मास्तरांनी तीही लावून बघायची. मग ठरवू कुणी कुठे बसायचं ते.

मास्तर : कबूल. मी पुढे होतो.

धाकटी : हात द्या, जिन्यात अंधार आहे.

थोरली : जरा थांब. एकदा आणखी बघू दे. तोंडभर आहेत गं. अगदी माझ्यासारखे.

धाकटी : चला ना. वाट बघताहेत.

थोरली : बघू देत. आज सासूबाई असायला हव्या होत्या. याच स्टुलावर बसवलं असतं त्यांना.