बेचाळीस साक्षीदार आणि एक निळा स्वेटर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या विभागप्रमुख मॅडम, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले निवृत्त न्यायाधीश सर, सर्व प्राध्यापक, मागच्या रांगांत अवघडून बसलेले आईबाबा, आणि फौजदारी न्यायशास्त्राच्या शेवटच्या वर्षातल्या माझ्या एक्केचाळीस मित्रमैत्रिणींनो! तीन वर्षं प्रत्येक लग्नात आपल्याला गाठून एकच प्रश्न विचारला गेला, "म्हणजे नक्की होणार काय तू? पोलीस की वकील?"

माझे मामा तर अजून म्हणतात, "चोर पकडायचा, आत टाकायचा. यात शिकायला तीन वर्षं कशाला लागतात गं?" मामा, चौथ्या रांगेत बसून हसू नका. आज उत्तर घेऊनच घरी जायचं तुम्ही.

खरं सांगते, या विषयाने मला वेड लावलं. पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. शेकडो वर्षं माणसं या एका ओळीसाठी भांडली, तुरुंगात गेली, तेव्हा कुठे ती कायद्यात आली. माझ्या अंगावर काटा आला होता. आजही येतो. बघा, आवाज चढला की नाही? न्यायाधीश सर, माफ करा, तुमच्या कोर्टात मला एव्हाना गप्प बसवलं असतंत.

मॅडम, तुमचे आभार मानायला उभी राहिले आणि तुमच्या बॅगेचा विषय काढल्याशिवाय बसले, तर वर्ग मला सोडणार नाही. पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. मॅडम दरवर्षी वर्गात एक खोटा प्रसंग घडवून आणतात. अनोळखी माणूस येतो, काहीतरी उचलतो, पळतो आणि मग आपण साक्षीदार म्हणून लिहायचं. दहा गुण. वरच्या वर्गाने आम्हाला आधीच सावध केलेलं.

तर सहा आठवड्यांपूर्वी मॅडम हजेरीपट आणायला ऑफिसात गेल्या. बाजूच्या दारातून तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस आला, टेबलावरची लॅपटॉपची बॅग उचलली आणि शांतपणे निघाला. आम्ही काय केलं? आरडाओरडा? छे! वह्या काढल्या! आमच्यातल्या एका सज्जनाने तर त्याच्यासाठी दार उघडून धरलं. (लाजू नकोस रे, उभा राहा, लोकांना बघू दे!) मॅडम परत आल्या. "माझी बॅग कुठंय?" आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. "मॅडम, अभिनय एक नंबर!"

चोरी खरी होती.

हसा, पोटभर हसा. पुढचं हसण्यासारखं नाही. सुरक्षा अधिकारी म्हणाले, दुपारपर्यंत सगळ्यांनी लेखी द्या. आपण कुठे गेलो? कॅन्टीनमध्ये. कशाला? उत्तरं जुळवायला! तीन वर्षं प्रत्येक गृहपाठाचं जे केलं, तेच साक्षीचं केलं. तिथे एकीने विचारलं, "निळा स्वेटर होता ना?" कुणी म्हणालं, "हो, बहुतेक." तिसरा म्हणाला, "बहुतेक काय, होताच." चहा संपेपर्यंत एक्केचाळीस कागदांवर निळा स्वेटर चढला होता.

ती विचारणारी मी होते. मी त्या माणसाचं फक्त कोपर पाहिलं होतं. स्वेटर मी सकाळी जिन्याखाली पाहिला होता, आपल्या झेरॉक्सवाल्या काकांच्या अंगावर.

एकटीने लिहिलं, "चेहरा दिसला नाही. कपडे आठवत नाहीत." आपल्या वर्गातला शंकासुर! किती चिडवलं आपण तिला. "अगं, दहा गुण जातील!" ती म्हणाली, "जाऊ देत. दिसलंच नाही तर काय लिहू, तुझं डोकं?"

चौकशी समितीने एक्केचाळीस विरुद्ध एक असा हिशेब केला, त्या दिवशी निळ्या स्वेटरात काकाच होते म्हणून संशय त्यांच्यावर गेला आणि त्यांच्या दुकानाला कुलूप लागलं. ज्या काकांना कुठल्या पेपरला कुठल्या नोट्स लागतात हे आपल्यापेक्षा जास्त पाठ होतं, ते गेले सहा आठवडे घरी आहेत. परवा मी त्यांच्याकडे गेले. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, तू मला पहिल्या दिवसापासून ओळखतेस. मग कागदावर कशी नाही ओळखलंस?"

काल मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. 

आता कुणी म्हणेल, काकांनी चोरी केली नाही हे तुला काय माहीत? नाही माहीत! मी चोर पाहिलाच नाही, आणि हेच तर मी लिहायला हवं होतं. मामा, हे तुमचं उत्तर. चोर पकडायला तीन वर्षं लागत नसतील. "मला दिसलं नाही" ही एक ओळ लिहायला मात्र लागतात, आणि मला तीही पुरली नाहीत.

सोमवारी समितीचा शेवटचा निर्णय आहे. दुकान कायमचं जायचं की राहायचं, ते त्या दिवशी ठरेल. सोमवारी आपल्यातले निम्मे दुसऱ्या गावी असतील. म्हणून जे करायचं ते आज.

मॅडम, बॅग तुमची गेली, तरी कालच तुम्ही म्हणालात, "नवे जबाब द्या, मी स्वतः समितीपुढे ठेवते." न्याय शिकवणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. तुमचे, सगळ्या प्राध्यापकांचे आणि आम्हाला सहन करणाऱ्या आईबाबांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लेक समजून पोटात घाला. पण जे लिहून दिलंय ते पोटात घालू नका.

मित्रांनो, दाराजवळच्या टेबलावर शंकासुर कोरे कागद घेऊन बसली आहे. प्रत्येक कागदावर दोन रकाने आहेत: "मी पाहिलं" आणि "मी ऐकलं". फोटो नंतर, गळाभेटी नंतर, पेढेसुद्धा नंतर. आधी तिथे जा, एकेकटे बसा, शेजाऱ्याच्या कागदात डोकावू नका, आणि निळा स्वेटर ज्या रकान्यातला आहे त्या रकान्यात लिहून खाली सही करा. पहिला कागद माझा आहे. उठा!