चूलबंद आवतन

जगदेव: पण धापूबाईंचा नातू सुरतेला आहे. आपण जागा बदलली हे त्याला कळणार कसं?

ज्योत्स्ना: काका, हे तिसऱ्यांदा इचारून राह्यले तुमी. ज्याइनं ज्याइनं तुमच्या ब्लॉगवर आपला मेल देल्ला होता, त्या समद्याइले निरोप गेला. पुणे, अकोला, सुरत. धापूबाईच्या नातवाचं तं उत्तरबी आलं. म्हणते, नवी जागा साफसुथरी आहे, पण अक्षर मोठं करा.

जगदेव: अक्षर बारीक आहे होय? मला वाटलंच होतं. मग नकोच का हे सगळं?

ज्योत्स्ना: नको म्हणून कुठी जाता? ब्लॉग ठेवणारी जुनी कंपनी आज सांजच्याले बंद होऊन राह्यली. त्याच्यानंतर जुन्या पत्त्यावर काहीच नाही. साधी पाटीबी नाही, का बावा, हे लोक इकडं गेले.

जगदेव: आपलं गाव धरणात गेलं तेव्हा निदान पाटी होती. पत्र्याची. बाण काढला होता, ‘नवे गाव’.

ज्योत्स्ना: तो बाण उलटा होता म्हणे. माही माय सांगते, पाहुणे पाण्याकडंच जात.

जगदेव: तुझ्या आईला विचारायला हवं होतं मी. बाणाचं लिहिलंच नाही कुठे.

ज्योत्स्ना: लिहा ना मंग नव्या जागी. जुन्या गावाच्या एकएक घरावर एकएक लेख लिहिला तुमी. आमच्या आजीच्या घराचा लेख माय दर दिवाळीले वाचाले लावते मले. सगळे लेख उतरवून घेतले म्या, आता तिकडं चढून राह्यले. एकच सांगा. हा एक ड्राफ्टमधी पडला आहे, नानीबाईच्या घराचा. हा काहून टाकला नाही?

जगदेव: तो राहू दे.

ज्योत्स्ना: पुरा तं दिसते.

जगदेव: पुरा आहे. खरा आहे की नाही, ते मला माहीत नाही.

ज्योत्स्ना: थांबा, काका. ह्याच्याखाली कमेंट आहे.

जगदेव: हो. पाहिली आहे मी.

ज्योत्स्ना: पाहिली आहे काय म्हणता? जे छापलंच नाही ते तुमच्याशिवाय कोणाले दिसत नाही. तिथी लिहाची सोयच नाही राहत. मंग हे कोणं लिहिलं?

जगदेव: तो जुना वाचक आहे. नाव देत नाही, मेल देत नाही. पहिल्यांदा आला तो विहिरीच्या लेखावर. मी लिहिलं होतं, विहिरीला दोन रहाट होते. त्याने एवढंच लिहिलं, की रहाट एकच होता. मी वाशिमला थोरल्या भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, एकच होता. मग कुठल्या लेखाखाली, की चावडीचं तोंड उगवतीला नव्हतं. कुठे, की फूलचंदशेठच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या, त्यातली मधली फुटकी. प्रत्येक वेळी त्याचंच बरोबर निघालं.

ज्योत्स्ना: कोणी म्हातारा माणूस असन, तिथचाच.

जगदेव: असेल. बाकी सगळे ‘छान, काका’ म्हणतात. छान म्हटल्याने मला काही कळत नाही, ज्योत्स्ना. ओळ लिहिली की खोडावीशी वाटते. हा एकच माणूस सांगतो, की हे होतं आणि हे नव्हतं. त्याने काही म्हटलं नाही, म्हणजे लेख बरोबर आहे, असं मी धरून चालतो. तोच राहिला नाही तर मी पुढे काय लिहिणार?

ज्योत्स्ना: अन् ह्या ड्राफ्टमधी काय लिहिलं होतं तुमी?

जगदेव: जे सगळ्यांनी सांगितलं तेच. की नानीबाई, तिची मुलं, सुना, सगळं घर वीटभट्टीच्या कामाला गेलं ते परत आलं नाही. गाव उठलं तेव्हा दाराला कुलूप होतं. ती कमेंट तू वाचलीस का?

ज्योत्स्ना: ‘कुलूप नव्हतं. कडी अंदरून होती.’

(ज्योत्स्ना लॅपटॉप स्वतःकडे ओढते.)

ज्योत्स्ना: कोणी मस्करी करून राह्यलं, काका. तुमचा पासवर्ड कोणाकोणाजवळ आहे?

जगदेव: तुझ्याजवळ.

ज्योत्स्ना: अन् तुमच्याजवळ.

जगदेव: माझ्या लक्षात कुठे राहतो? दर वेळी तुझ्याच कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन विचारतो मी.

ज्योत्स्ना: मी पुसून टाकते हे. ड्राफ्टबी अन् कमेंटबी. नव्या घरात कायले न्याचं असलं?

जगदेव: नको. हात लावू नकोस. तुला चूलबंद आवतन माहीत आहे ना?

ज्योत्स्ना: म्हणजे काय, वऱ्हाडात राहतो ना आमी. घरातल्या समद्याइले जेवाचं बोलावणं. त्या दिवशी घरची चूल पेटवाचीच नाही, कोणी मागं राहाचंच नाही.

जगदेव: गाव सोडायच्या दिवशी नव्या गावात सामाईक जेवण होतं. कोतवाल घरोघर फिरला, चूलबंद आवतन देत. लोकांचा पाय निघत नव्हता, म्हणून मोठ्या माणसांनी काढलेली ती युक्ती होती.

ज्योत्स्ना: आजीनं चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं अन् मागं पाह्यलं नाही. माय सांगते.

जगदेव: एका दारापुढे मात्र कोतवाल थांबला नाही. दार बंद दिसलं. त्याचं काय चुकलं? मीही थांबलो नसतो. पण ते घर बोलावण्याशिवाय राहिलं, एवढं खरं. आता पुन्हा जागा सुटते आहे, आणि तुझे निरोप ज्यांना गेले त्यांत हा माणूस नाही. पुन्हा त्यालाच टाकून जायचं?

ज्योत्स्ना: माणूस आहे का तो, काका?

जगदेव: वाचक आहे. त्याच्यापुढचं मी ठरवू शकत नाही.

ज्योत्स्ना: मंग काय करता? मेल नाही, नाव नाही, नंबर नाही.

जगदेव: केलं. काल तुझ्याकडून पासवर्ड कागदावर लिहून नेला होता. सकाळीच, जुन्या जागी, त्याच्या त्या कमेंटखाली उत्तराची जागा दिसली तिथे लिहिलं मी. तीन वेळा खोडलं. मग तसंच ठेवलं.

ज्योत्स्ना: एकट्यानं? पाहू. हं, आहे, खाली दबलेलं. ‘नानीबाईच्या घरी सर्वांस. आज सायंकाळी आमचे घरी जेवावयास यावे. चूलबंद आवतन आहे. आपला, जगदेव.’ बस? लिंक कुठी आहे?

जगदेव: कसली?

ज्योत्स्ना: नव्या जागेची, काका. येतीन कुठी ते? तुमच्या ह्या रिसोडचं नाव नाही, गल्ली नाही, ब्लॉगचा नवा पत्ता नाही.

जगदेव: आवतनात पत्ता कोण लिहितं? गावात घर सगळ्यांना माहीत असतं.

ज्योत्स्ना: गावात. हे घर तं तुमी नोकरीतून रिटायर झाल्यावर बांधलं. थांबा, अजून टाइम आहे, मी टाकून देते. तुमच्यासाठी टाकून राह्यली, मले पटलं म्हणून नाही.

जगदेव: टाक. लवकर टाक.

ज्योत्स्ना: फिरून राह्यलं नुसतं. नेट तं आहे. काका, पान उघडत नाही.

जगदेव: पुन्हा पाहा.

ज्योत्स्ना: पाह्यलं. ‘ही सेवा आता उपलब्ध नाही.’ बंद झालं.

जगदेव: जन्मभर ग्रंथालयात मी दुसरं काय केलं? कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर सापडेल, एवढंच लिहीत आलो. आणि इथे तीच एक ओळ राहिली.

ज्योत्स्ना: मनाले लावून घेऊ नका. खरं सांगू, मले हलकं वाटून राह्यलं. बाकी तं समदे आले ना तुमच्यासंगं.

जगदेव: हो. बाकी सगळे तेव्हाही आले होते.

ज्योत्स्ना: असं बोलू नका. पाणी देऊ? बरं, मी तिकडचं पाहून घेते, लेख चढले का ते. विहीर आली. चावडी आली. फूलचंदशेठचं दुकान आलं, फोटोसगट. आमच्या आजीचं घर आलं. ड्राफ्ट…

जगदेव: तो आला?

ज्योत्स्ना: आला.

जगदेव: मग थांबलीस का?

ज्योत्स्ना: काका, कमेंटी म्या आणल्याच नव्हत्या अजून. त्यायची फाईल अलग राहते. ती इथी माह्या पेनड्राईव्हमधी आहे, लावलीबी नाही.

जगदेव: बरं.

ज्योत्स्ना: ड्राफ्टखाली एक कमेंट आहे.

जगदेव: जुनी?

ज्योत्स्ना: नाही. आत्ताची.

जगदेव: माझा चष्मा... नको, तूच वाच.

ज्योत्स्ना: ‘चूल इझवली. निघालो.’

जगदेव: आणखी?

ज्योत्स्ना: आणखी काही नाही. मी जाते, काका. घरी सासूबाई वाट पाहत असन.

जगदेव: जा. तू खरंच जा. दिवा तेवढा लावून जा बाहेरचा.

ज्योत्स्ना: तुमी सैपाक काय केला?

जगदेव: खिचडी. माझ्यापुरती.

ज्योत्स्ना: चूलबंद आवतन देल्लं, अन् खिचडी एकट्यापुरती?

जगदेव: कोणी येईल असं वाटलं नव्हतं. लिहिताना मला कधीच तसं वाटत नाही.

ज्योत्स्ना: ते आपली चूल इझवून निघाले, अन् तुमच्या घरी पेटलेली नाही. कसं दिसते हे?

जगदेव: तुला भीती वाटते ना?

ज्योत्स्ना: वाटते तं. पण दारात आलेल्या माणसाले काय सांगता, का मी विसरलो? सासूले फोन करते, उशीर होईन म्हणून. कणकेचा डबा कुठी आहे?

जगदेव: वरच्या फळीवर. तुरीची डाळही तिथेच असेल.

ज्योत्स्ना: सापडला. किती जणाइची भिजवू?

जगदेव: ते मी लेखातही लिहिलेलं नाही. कोणालाच नक्की आठवेना.

ज्योत्स्ना: मंग?

जगदेव: डबा अख्खाच घे.