सासुरवाडीचा पहिला नंबर

...नाही, पण मला एक सांगा, चाराचे अकरा झाले तर वाढ किती टक्के? करा, करा, बोटांवर करा हवं तर... पावणेदोनशे! बरोबर? मग त्याचं चुकलं कुठे? हिशोब चोख, रंग चोख, तक्ता चोख, आणि तरी आज त्या माणसाला सासुरवाडीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही! माझं नाही हो सांगत. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही लगेच असं बघायला लागाल माझ्याकडे... माझ्या ओळखीतला एक आहे. ओळखीतला. एवढंच.

तर हा आकडेवारीच्या खात्यात. चौथा मजला, खिडकीजवळचं टेबल. खिडकी उघडली की कागद उडतात, बंद केली की माणसं उकडतात, त्यामुळे खात्याचा अर्धा दिवस खिडकीवरून भांडण्यात जातो. याचं काम काय? तर राज्यात रोजगार कुठे किती वाढला, शहरात किती, गावाकडे किती, त्याची तुलना करायची. दर तीन महिन्यांनी, मागच्या वर्षीशी ताडून. शहरांना नारिंगी पट्टी, गावांना हिरवी. बरं, सगळी गावं मोजणार कोण? खात्यात माणसं किती, त्यातली जागी किती! म्हणून प्रत्येक भागातलं एकेक गाव नमुन्याला धरायचं आणि तिथे जे दिसेल ते अख्ख्या भागाचं समजायचं. आणि मोजायचं कसं? मोजणीवाल्या बाई दारात जाऊन विचारणार, ‘मागच्या आठवड्यात शेती सोडून एक तास तरी काही काम केलंत का?’ एक तास! केलं म्हणालात की तुम्ही कामाला लागलेले. मग उरलेला आठवडा तुम्ही पालथे पडून का काढला असेना! हसू नका, रीत आहे ती खात्याची.

तर त्या खेपेला आकडे आले आणि बघतो तर काय! शहराची वाढ तीन टक्के, आणि पूर्वेकडच्या ग्रामीण भागाची पावणेदोनशे! आणि त्या भागाचं नमुन्याचं गाव कुठलं? माझी सासु... त्याची सासुरवाडी हो! त्याची! आता हा हिरवी पट्टी काढायला बसला, तर ती वर वर जातेय, थांबायचं नावच नाही. नारिंगी पट्ट्या खाली अंगठ्याएवढ्या, आणि ही एकटी डोकं वर काढून पानाच्या बाहेर निघालेली. आता पद्धत अशी की, पट्टीच्या खाली बारीक अक्षरात मूळ संख्या लिहायची. ‘आधी चार, आता अकरा.’ म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की बाबा रे, फार हुरळू नकोस. ती ओळ काही केल्या पानावर बसेना! ओळ ठेवावी तर पट्टी कापायची पाळी, पट्टी ठेवावी तर ओळीला जागा नाही. आता सासुरवाडीची पट्टी कापायची? कुठला जावई कापेल, तुम्हीच सांगा! त्याने ओळ उडवली. एक ओळ हो, ती पण बारीक अक्षरातली! लोकांनी काय काय उडवलंय आयुष्यात...

मॅडम खूश! मॅडम म्हणजे त्याच्या साहेब. ‘वा, वा! काय उठून दिसतंय! हा तळमजल्यावर लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.’ लागला की तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारीच. एक प्रत घरी. बायकोने ती धरली आणि पाणी आलं हो तिच्या डोळ्यांत. ‘अहो, माझ्या माहेरचा पहिला नंबर? आणि तुम्ही काढलात?’ जसा काही यानेच जाऊन तिथे कारखाने काढले होते! लग्नाला एवढी वर्षं झाली, या बाईने याच्या नोकरीबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. आणि त्या दिवशी तक्ता फ्रिजच्या दारावर, शेजारणींना बोलावणं, ‘बघा, आमच्या ह्यांचं काम!’ मला तर... म्हणजे त्याला तर इतकं बरं वाटलं, काय सांगू! ओळखीतला आहे ना, त्यानेच सांगितलं मला.

आता इथे मेहुणा येतो. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लाख माणूस. शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक, पक्की नोकरी. एका खोलीत चौघं राहायचे, रविवारी जेवायला बहिणीकडे. आणि हात काय त्याचा! आमच्या... त्यांच्या ऑफिसची लिफ्टसुद्धा त्याच्याकडेच. नुसता दाराला कान लावायचा आणि सांगायचा, ‘भावोजी, हिला खोकला झालाय.’ दहा मिनिटांत लिफ्ट चालू! पण जीव सगळा गावाकडे. आई तिथे एकटी, एवढंसं दुकान चालवते, गुडघे धरलेले. तर त्या रविवारी हा पाणी घ्यायला उठला आणि फ्रिजपाशी उभाच राहिला. उघडेचना!

‘भावोजी... हे खरंय?’

आता इथे बोलायचं की नाही? ‘बाबा, चाराचे अकरा झालेत, आणि ते अकराही एकेका तासाचे असतील, पाणी पी आणि जेवायला बस.’ एवढंच तर बोलायचं होतं! जिभेवर होतं हो! पण समोर बायको उभी, पोळ्या लाटायचं सोडून याच्याकडे बघत. असं बघत होती की... आता काय सांगू तुम्हाला. मग हा खुर्चीत मागे रेलला, पायावर पाय टाकला आणि म्हणतो कसा, ‘सरकारी तक्ता आहे. थट्टा वाटली का?’

‘नाही, म्हणजे... आईजवळ राहता येईल हो. इतकी वर्षं वाटतंय. पण तिकडे मिळणार काय, म्हणून धीर होत नव्हता.’

‘अरे, शहर तीन टक्क्यांवर कुथतंय! पावणेदोनशे टक्के वाढीच्या भागातला माणूस तू, आणि इथे चौघांत एक पंखा घेऊन झोपतोस?’

कोण बोललं हे? तो! ओळखीतला! मी असतो तर जीभ नसती का चावली?

पुढच्या आठवड्यात मेहुण्याने राजीनामा दिला. मालक म्हणाला, ‘डोकं फिरलं का तुझं?’ तर पठ्ठ्याने मालकाला तक्ताच दाखवला! भावोजींकडून दुसरी प्रत मागून घेतली होती, घडी घालून खिशात! मालकही चाट. म्हणाला, ‘आमच्यासाठी पण बघून ठेव रे काहीतरी.’

आता जरा विचार करा. माणूस कोण? लिफ्टचा मेकॅनिक. गेला कुठे? जिथे सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी. आणि तिला शिडी!

पंधरवड्याने फोन. ‘भावोजी, मी सगळीकडे फिरलो. इथे तर काहीच नाही. मी चुकीच्या बाजूला शोधतोय का?’ चुकीच्या बाजूला! गावाला बाजू किती? एक रस्ता, तो पण मध्येच संपतो. आणि माणूस स्वतःचीच चूक शोधतोय हो! बायकोने फोन ऐकला. फ्रिजवरचा तक्ता काढला, याच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘जा. दाखवून या त्याला कुठे आहेत त्या नोकऱ्या.’

गेला. काय करणार? सासूबाई दुकानाच्या पायरीवर बसलेल्या. तोंडभर हसल्या बिचाऱ्या. ‘या जावईबापू! त्या नव्या नोकऱ्या दाखवायला आलात ना? मला पण दाखवा हो, मी इथेच असते दिवसभर, मला कशा नाही दिसल्या?’ टोमणा नव्हता हो तो! टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याची सवय आहे मला... जावयांना असते, असं म्हणायचंय मला.

निघाले दोघं. पुढे मेहुणा, मागे हा, काखेत तक्त्याची गुंडाळी. आधीचे चार लगेच सापडले. पोस्टमन, मास्तर, नर्स, आणि दुकानवाली, म्हणजे सासूबाईच. मग नवे सात? विचारत विचारत गेले तर गावाबाहेर मोबाईलचा टॉवर, आणि त्याच्या सावलीत एक गडी आडवा. याने विचारलं, ‘काय हो, इथे मध्यंतरी नवीन नोकऱ्या आल्या होत्या म्हणे?’

गडी उठून बसला. ‘आल्या होत्या की! मीच होतो ना नोकरीला!’

‘कसली नोकरी?’

‘टॉवरचा खड्डा खणायची!’ आणि काय अभिमान हो चेहऱ्यावर! ‘सहा जण होतो आम्ही. आणि एक खड्ड्यावर राखणीला.’

‘राखणीला? खड्डा काय चोरीला जातो?’

‘तसं नाही साहेब, कोणी पडू नये म्हणून. बाई आल्या होत्या ना विचारायला, एक तास काम केलं का, त्याच आठवड्यात आमचं काम चालू होतं. नंतर टॉवर उभा राहिला, खड्डा बुजला. आता बुजलेल्या खड्ड्यावर कशाला नोकरी देतील?’

झालं! पावणेदोनशे टक्के! अख्ख्या पूर्वेकडच्या भागाची भरभराट त्या एका खड्ड्यातून वर आली होती आणि तिथेच बुजली होती! तुम्ही हसा. हसण्यासारखंच आहे. तो नाही हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. वाटलं, तो खड्डा अजून उघडा असता तर बरं होतं, उतरून बसलो असतो आत... बसला असता. तो.

मेहुणा काय म्हणाला असेल? ओरडला? शिव्या घातल्या? छे! याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘भावोजी, तुमचं काय चुकलं? तुमच्यापुढे जे आलं ते तुम्ही मांडलंत. मीच खाली नीट वाचायला हवं होतं.’ खाली! खाली काय लिहिलंय हे वाचायला हवं होतं! आणि खाली काय होतं? कोरा कागद! आता बोला! हा त्याला सांगू शकला का, की अरे, खालची ओळ मीच उडवली? दुकानात परतला, सासूबाईंनी पुढे केलेला चहा घेतला, बशीत ओतला, आणि तोंडाला लावण्याऐवजी शर्टावर सांडला. त्यावरही सासूबाई म्हणतात, ‘असू द्या, असू द्या, प्रवासाने दमलात.’

बरं, परत शहरात यायचं तर मालकाने जागा भरलेली. मेहुणा राहिला तिथेच. दुकानात बसतो. सासूबाई गुडघे शेकायला आत जातात तेव्हा तासभर गल्ल्यावर. दिवसभरात गिऱ्हाईक मोजून तीन, त्यातलं एक सुट्टे मागायला.

आणि तीन महिने झाल्यावर पुन्हा मोजणी! मोजणीवाल्या बाई दुकानात. ‘मागच्या आठवड्यात एक तास तरी काही काम केलंत का?’ मेहुणा साधा माणूस, खोटं कसं बोलेल? ‘बसलो होतो आईच्या जागी.’ झालं! लागला कामाला! टॉवरचे सात गेले, पण ताडायचं गेल्या वर्षीशी, आणि तेव्हा होते चार. ते चार आणि हा एक. चाराचे पाच! पंचवीस टक्के! आणि शहराचं बघाल तर दोनवर आलं. शहरातून एक चांगला मेकॅनिक कमी झाला, गावात एक बसलेला माणूस वाढला, आणि तुलनेत काय निघालं? सासुरवाडीचा पुन्हा पहिला नंबर! त्या हिरव्या पट्टीत कोण आहे हे अख्ख्या राज्यात एकाच माणसाला माहीत, आणि रंग भरायचा त्यानेच!

या वेळी त्याने ओळ लिहिली. ‘आधी चार, आता पाच.’ शपथेवर सांगतो, लिहिली. बारीक लिहिली, पण लिहिली. तक्ता घेतला, मॅडमबरोबर तळमजल्यावर लावायला निघाला, लिफ्टमध्ये शिरले, आणि तिसऱ्या-दुसऱ्याच्या मध्ये... खटॅक! बंद. अंधार. मॅडम, वरच्या खात्यातले दोघं, आणि भिंतीला चिकटून हा. मॅडम मोबाईलचा उजेड पाडून तक्ता बघतायत. ‘छान! गावं पुढेच आहेत अजून! पण ही खाली बारीक काय मुंगी मेलीय? ही ओळ काढा हो, पान घाण दिसतंय.’

एवढ्यात वरून नव्या मेकॅनिकचा आवाज. ‘थांबा साहेब, वेळ लागेल! मला नाही कळत या लिफ्टचं. आधीचा माणूस होता ना, तो कान लावून सांगायचा! दहा मिनिटांत काढलं असतं तुम्हाला!’

मॅडम ओरडल्या, ‘मग त्याला बोलवा ना!’

‘कसला बोलवताय! चांगली नोकरी सोडून गावाला गेला. कोणा शहाण्याने त्याला तक्ता दाखवला म्हणे, तिकडे नोकऱ्या उतू चालल्यात म्हणून! आता बसलाय बिचारा दुकानात माश्या मारत!’

मॅडम हळूच म्हणाल्या, ‘काय माणसं असतात! कोण हो हा शहाणा?’

आता अंधार होता. चेहरा कोणाला दिसत नव्हता. सांगायला याहून बरी जागा मिळाली असती का आयुष्यात? घसा खाकरला मी. हो, मीच! मगाचपासून कळलंय तुम्हाला, उगाच मान कशाला हलवताय? घसा खाकरला, तोंड उघडलं आणि म्हणालो,

‘आहे हो मॅडम... माझ्या ओळखीतला एक.’