राक्षस वेळेवर मेला न्हाई

आन् वर मलाच म्हणायलेत, "नाना, तुमी वेळेवर का मेला न्हाईत?" ऐका! अरे, मारणाऱ्यानं मारलं तर मी मरणार ना? मिसरूड फुटल्यापासून दर नरसिंह जयंतीला मी गावच्या सोंगात हिरण्यकश्यपू होतोय, एकदा तरी मरायचं चुकवलंय का?

तुमाला सांगतो, देव होणं लय सोपं. तोंडाला मुखवटा, पाठीला आयाळ, कागदाचा खांब फाडून बाहेर यायचं, डरकाळी फोडायची, झालं. गाव पाया पडतंय. राक्षसाचं तसं न्हाई. उंबऱ्यावर आडवं व्हायचं, पोटाला बांधलेली लाल कापडाची आतडी देवानं ओढली की असा हंबरडा फोडायचा, की बायांनी पदर तोंडाला लावला पायजे. मार खायला शिकावं लागतंय! मी तालमीत शिकलो. वस्ताद उचलून आपटायचे आन् म्हणायचे, "रंगनाथ, पड नीट, पडायची लाज कशाला?" आता त्या तालमीत काय हाय? लाल मातीवर फरशी, फरशीवर खुर्च्या, खुर्च्यांवर पक्षांची माणसं. अर्ध्यात सरपंच भागवतराव, अर्ध्यात माजी सरपंच दत्तराव, मधी पत्रा. लोक म्हणतात कुस्ती बंद पडली. कुठं बंद पडली? रोज होते! चीत तेवढं कुणी होत न्हाई.

तर माझा नरसिंह म्हंजे भुजंग. जन्मभर त्यानंच मला फाडलं. हात असा सफाईदार, की कवा मेलो ते कळायचं न्हाई. पण यंदा त्याचे गुडघे गेले आन् तो कट्ट्यावर बसला. झालं, देवाची जागा रिकामी, आन् निवडणूक तोंडावर!

भागवतराव आला. "नाना, यंदा देव आमच्याकडं." तो गेला न्हाई तोवर दत्तराव. "नाना, देव आमचाच हाय, तुमी फकस्त पडा." मी दोघांना समोर बसवलं. म्हणलं, एकानं राक्षस व्हा, मी घरी निजतो. दोघांनी एकदम कानाला हात लावले! "राक्षस? वा नाना! फोटो फिरवतील की हे गावभर!" हे म्हंजे, राक्षस कुणीच न्हाई गावात. मी एकटा.

आता कळीची गोष्ट ऐका. त्या दिवशी आमच्याकडं बायांचा उपास, पाण्याबिगर. दिवस बुडता बुडता राक्षस पडला, आतडी निघाली, की आरती आन् मग घोटभर पाणी. वैशाखातलं ऊन, तेबी परभणीचं! आमची घरवाली कस्तुराबाई पहिल्या रांगेत, ओठ वाळलेले, डोळे माझ्यावर. डोळ्यांनीच म्हणायलीय, मरा की लवकर.

मी गदा घेऊन निघालो. प्रल्हाद झालेल्या रेणुकेला दरडावलं, "कुठं हाय तुझा देव? ह्या खांबात हाय का?" तिनं म्हणायचं असतंय, "हाय!" ती खांबाच्या फटीतून आत बघून म्हणती, "नाना... दोन हायेत!"

मी लाथ घातली. कामट्यांचा खांब, वरून रंगीत कागद, फाटायला पायजे. फाटंना! हलायलाय! आतून आवाज, "दत्तराव, सरक!" "मी आदी बसलोय, तू बाहीर हो!" "आयाळ सोड!" "तुझी मुंडी काढ आदी माझ्या बगलेतून!" आन् आख्खा खांब माझ्या अंगावर! खाली मी, वर खांब, खांबात दोन देव, आन् दोघं एकमेकाची आतडी शोधायलेत! हलगीवाल्याला वाटलं, यंदा सोंग लय रंगलं. त्यानं हात आणखी चढवला. मग धावली की कार्यकर्ते मंडळी... ह्यांची, त्यांची. खांबाच्या कामट्या उपसून एकमेकाच्या नडगीवर! भागवतरावाचा दात पडला, दत्तरावाचा कान फाटला. माझी गदा कुणी तरी नेली, ती परत आली ती थेट माझ्या टाळक्यात. अरे, मार खायला शिकावं लागतंय! ह्यांना काय येतंय? काठी बघून डोस्कं पुढं करायलेत! मी खालून ओरडायलोय, "खांदा द्या, डोस्कं न्हाई! पडताना हात टेकू नका, मनगट जातंय!" कोण ऐकतंय? गेलंच एकाचं मनगट. कटकन्!

दोन्ही देव दवाखान्यात गेले. एका जीपमधी बसंनात, म्हणून दोन जीपांत. आन् दिवस बुडालेला, बाया पाण्याबिगर बसलेल्या, कस्तुराबाई खांबाला... खांब कुठला, भिंतीला टेकलेली, मान पडायलीय. आता मारणार कोण? भुजंगाला उठता येईना. मग मीच उंबऱ्यावर आडवा झालो, माझ्याच हातानं माझी आतडी ओढली आन् हंबरडा फोडला. खरा होता हो, बरगडी मोडलेली होती. भुजंग कट्ट्यावर पोरासारखा रडला. कस्तुराबाईनं तांब्या तोंडाला लावला. मरणाचं चीज झालं म्हणलं.

तर दुसऱ्या दिवशी बैठक! एकाचा गाल सुजलेला, एकाच्या कानाला पट्टी. "नाना, खरं सांगा, तुमाला मारलं कुणी? आमच्या पक्षानं का ह्यांच्या?" म्हणलं, माझा मीच मेलो. दोघंबी खवळले. "असं कसं? नेमात बसत न्हाई! आन् मेलात तेबी दिवे लागल्यावर!"

मग ठराव झाला. ह्या एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचं एकमत. पुढच्या साली दोन खांब, दोन नरसिंह. राक्षस मातर एकच, कारण दुसरा मिळंना. आदी सरपंचाच्या खांबापाशी मरायचं, उठायचं, आतडी आत कोंबायची आन् माजी सरपंचाच्या खांबापाशी पुन्हा मरायचं. मी इच्यारलं, "आन् उपास कवा सुटायचा?" म्हणले, "ज्याच्या त्याच्या मतानं."

घरी येऊन कस्तुराबाईला म्हणलं, तू कुणाकडून? पहिल्या मरणाला पाणी पिशील का दुसऱ्या? ती भाकरी थापायलती, मान वर केली न्हाई.

"पहिल्याला. दुसऱ्यांदा मरायला तुमी उठताल का न्हाई, कुणी सांगावं?"