बारा हितं, बारा तितं

(भोईवाडा, १९५६. चाळीच्या गॅलरीत गिरणीत काम करणारी चंपा आणि समितीच्या कामासाठी ठाकूरद्वारहून येणाऱ्या शिक्षिका कालिंदीताई. मध्ये दोन कागद.)

चंपा : बारा हितं, बारा तितं. सगळे सुटले म्हनायचं. उठा आता.

कालिंदी : बस खाली. मोजणी सारखी आली म्हणून माणसं तीच होतात होय? हा सत्याग्रहात पकडलेल्या आपल्या माणसांचा कागद, नाव आणि कैदी नंबर. हा उद्या सुटणाऱ्यांचा. समितीच्या अप्पांना तुरुंगाच्या फाटकावर नुसते नंबरच उतरवून घेता आले.

चंपा : मग पयल्याला पयला, दुसऱ्याला दुसरा... एक बी जुळंना की.

कालिंदी : क्रम वेगळा आहे ना. आपला एक नंबर घ्यायचा, तिकडच्या बाराही नंबरांत शोधायचा. मग दुसरा घ्यायचा.

चंपा : बारा बारे एकशे चव्वेचाळीस. जमावबंदीचं कलम लागंल आपल्याला. त्यापरीस दोन्ही कागद लहानापासून मोठ्यापर्यंत लावून घ्या की.

कालिंदी : मास्तरीण मी का तू? बरं, घेते लिहून... हं. तीनशे नऊ?

चंपा : हाय.

कालिंदी : तीनशे बावन्न? चंपा, नजर खाली कुठं पळतेय? सीतारामचा नंबर लांब आहे अजून.

चंपा : मी कशाला बघू? भांडून गेलेत ते.

कालिंदी : म्हणून सकाळपासून दोनदा तांदूळ निवडलेस?

चंपा : खडे लई होते.

कालिंदी : बरं बाई. आता शेवटचा, चारशे एक्काहत्तर, सीताराम... नाहीये गं इथे.

चंपा : हाय. मघाशीच बघितला मी. चारशे सतरा.

कालिंदी : तो आपल्यातला कुणाचाच नाही. बाकी अकरा जुळले, हा एकटाच उरलाय. चंपा, ऐक माझं. आशेवर राहू नकोस.

चंपा : जरा तिकडं तोंड करा... हं. घ्या.

कालिंदी : पोस्टकार्ड? भांडलेल्या माणसाचं, आणि चोळीत?

चंपा : वरचा कैदी नंबर तेवढा बघा.

कालिंदी : चार, एक, सात. अगं, म्हणजे मीच आपल्या कागदावर उलटं उतरवलं. चुकलं माझं.

चंपा : पोरांनी असं केलं की छडी देता न्हवं?

कालिंदी : दे, हात पुढे केलाय. येतोय गं उद्या तो. पण हे कार्ड महिन्यापूर्वीचं. कुणाकडून वाचून घेतलंस?

चंपा : कुनाकडनं न्हाई. आकडे येतात मला, अक्षरं न्हाई. आन् चाळीत दाखवू कुनाला?

कालिंदी : मी वाचू?

चंपा : नको. ज्यांनी लिवलंय, तेच वाचतील.