घसा बसला त्या शनिवारी
हसू नका, पण थाप मारून स्कीइंगला जाऊ नये हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. वेस्ट विंडसरच्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात मला फक्त एकदा ओरडून मरायचंय, आणि नेमकं तेच जमत नाही. आमचे दिग्दर्शक साठेकाका, रिटायर्ड डॉक्टर, दर तालमीला खेकसतात, "अरे, मरताना तरी जिवंत ओरड!"

शेवटी शनिवारी त्यांना 'घसा बसलाय' असा मेसेज टाकला आणि थेट व्हरमाँटचे डोंगर गाठले. चिमुकलं रिसॉर्ट, पिठासारखा भुसभुशीत बर्फ, आणि माणूस औषधालाही नाही. पहिल्याच उतारावर तोल गेला आणि मी कमरेइतक्या बर्फात कोसळलो. "आई गंऽऽ, मेलोऽऽ!"

शेजारचा बर्फाचा ढीग हलला. त्यातून एक गॉगल वर आला आणि चक्क मराठीत किंचाळला, "हाच! हाच आवाज हवाय मला!"

"काका? तुम्ही इथे? आणि तालीम?"

"पाठ धरली म्हणून कॅन्सल केली," काका उताणे पडल्यापडल्याच म्हणाले. "ते सोड. तू आधी उठ."

मी धडपडत उठलो आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.

"हात नको," काका म्हणाले. "परत पड."