धोंडीरामांचं सकाळचं बटण

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. ज्याला कुणी सांगितलंच नाही आणि तो चुकला, त्याला देव माफ करील. पण ज्याला रोज सांगितलं, लेखी सांगितलं, डोळ्यांसमोर धरून सांगितलं — आणि तरीही जो चुकला, त्याचं काय करायचं?

शेजाऱ्याकडे काय बघता? पुढे बघा! तबलजी, तुम्हीसुद्धा!

आख्यान पुराणातलं नाही. कोल्हापूरचं आहे, उद्यमनगरातलं. तिथे धोंडीराम सुतार पॅटर्न करतात. म्हणजे काय? फौंड्रीत लोखंड ओतायचं, तर वाळूचा साचा लागतो. आणि साच्यासाठी आधी त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती लागते. तिला म्हणतात पॅटर्न. धोंडीरामांचा बाप रंधा मारत गेला, आजा रंधा मारत गेला. आता काळ बदलला! आधी कॉम्प्युटरवर चित्र, मग लाकूड. धोंडीरामांना रंधा येतो, कॉम्प्युटर येत नाही. सुनेला येतो. प्रणाली तिचं नाव. डिप्लोमा झालेली पोर! सासऱ्यानं हुंडा मागितला नाही, म्हणाला, "पोरीनं कारखान्यात बसावं, एवढंच." शहाणा माणूस! पण शहाणपण आणि दूध, दोन्ही कधी नासतील सांगता येत नाही.

तिच्यासाठी त्यांनी एक जुना लॅपटॉप आणला. साधासुधा नव्हे — वर्कस्टेशन! मोठमोठ्या कंपन्यांत इंजिनियर लोक वापरतात तो. पुण्यातल्या कुणीतरी काढून टाकलेला. वजन म्हणाल तर मांडीवर घेतला की मांडी झोपते! लॅपटॉप कसला, पाटा! आणि त्याचा चार्जर? वीट! तिच्यावर देव उभा राहील एवढी वीट! बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणजे सगळा जीव त्या विटेवर.

आता कारखान्याची एक रीत होती. सकाळी हत्याराला पहिला हात मालकाचा. करवतीला हळद-कुंकू, रंध्याला हळद-कुंकू, लॅपटॉपला — होय हो, लॅपटॉपलाही! उदबत्ती ओवाळायची आणि बटण धोंडीरामांनी स्वतः दाबायचं. सून घरचं आवरून दहाला यायची, तोवर यंत्र जागं झालेलं. मध्येच बंद पडलं तरी, "थांब! बंद-चालू माझ्या हातानं!" मान मोठा असतो, मंडळी. यंत्र समजलं नाही तरी चालेल, मान समजला पाहिजे!

दिवाळीत काय झालं, उंदरानं चार्जरची वायर कुरतडली. गणपतीचं वाहन! मारता येईना, शिव्याही घालता येईनात. धोंडीराम बाजारात गेले आणि चपटा, हलका, देखणा चार्जर घेऊन आले. पिन घातली — बसली! झालं! पिन बसली म्हणजे सगळं जुळलं, असं आपल्याकडे लग्नातसुद्धा समजतात.

त्या दिवसापासून लॅपटॉप रांगायला लागला. प्रणाली पंपाचं चित्र फिरवायला जाई, ते अडकून बसे. चहा पिऊन येईपर्यंत इंचभर हलायचं.

धोंडीराम म्हणाले, "म्हातारं झालंय. औषधपाणी करू." नवी रॅम घातली. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. पंख्याची धूळ काढली. धूळ कसली — सहा महिन्यांचा उदबत्तीचा अंगारा! रोज फुंकून लावत होते ना! यंत्राच्या नाकात अंगारा गेला तर यंत्र शिंकणार नाही का? बुवा असून मी हे सांगतोय, अंगारा कपाळाला लावा, पंख्याला नको!

हे सगळं केलं राजारामपुरीतल्या मुबारकनं. चांगला कारागीर. त्यानं विचारलं, "काका, चार्जर आणलाय का?"

"चार्जर नवा हाय. त्यात काय बघायचंय?"

मुबारकनं दुकानातली स्वतःची वीट लावली. लॅपटॉप घोड्यासारखा पळाला! घरी आणला — पुन्हा गाढव. परत दुकानात नेला, घोडा. घरी, गाढव. आता धोंडीरामांनी विचार केला. मंडळी, माणसानं विचार केला की घरातल्या कुणाचं तरी नशीब फुटतं! दुकानात चालतं, घरी चालत नाही. मग दोष कुणाचा?

बरोब्बर! सुनेचा!

"पोरी, तुझा हातच जड हाय."

"मामा, हाताचा काय संबंध? मशीन सुरू होताना काही लिहून येतं का? एरर वगैरे?"

"काय न्हाई. नेहमीचंच येतंय."

"नेहमीचं म्हणजे काय?"

"सासऱ्याची उलटतपासणी करतीस? शनिवारी अकराला पंपवाले इनामदार साहेब येणार हाईत. वर्षाचं काम त्यांच्या हातात. चित्र पडद्यावर फिरलं तर बरं. न्हाईतर सोमवारपासून तू घरी, मी दुसरा माणूस बघतो."

प्रणालीनं मान खाली घातली. भांडली नाही. पण त्या रात्री ती जेवली नाही, आणि का जेवली नाही हे घरात कुणी विचारलं नाही. तिला पगाराचं दुःख नव्हतं, बरं का. पगार होता कुठे! पण त्या खुर्चीत बसली की ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. पंप काढणारी प्रणाली असायची. तीच खुर्ची जाणार होती.

शनिवार उजाडला. पोरीनं पहाटेच स्वयंपाक उरकला आणि साडेआठला कारखान्यात हजर! धोंडीराम उदबत्ती ओवाळत होते. बटण दाबलं. पडदा उजळला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या. धोंडीरामांचं बोट सवयीनं पुढे गेलं —

आणि सुनेनं सासऱ्याचा हात धरला! घट्ट! दोन कामगार रंधा टाकून बघत राहिले.

"मामा, थांबा! वाचू द्या!"

"अगं हे रोजच येतंय! बटण दाबलं की जातंय!"

प्रणालीनं मोठ्यानं वाचलं. इंग्रजीतलं मराठीत सांगत गेली. "लावलेला चार्जर कमी ताकदीचा आहे. त्यामुळे यंत्र हळू चालेल. पुढे जायचं असेल तर बटण दाबा."

दोन्ही कामगार पडद्याशी येऊन वाकले.

"मामा, हे कधीपासून येतंय?"

धोंडीरामांनी उदबत्ती खाली ठेवली. "दिवाळीपासनं."

तीन महिने, मंडळी! तीन महिने ते यंत्र रोज सकाळी ओरडून सांगत होतं, "अहो, मी हत्ती आहे, मला शेळीचा चारा घालताय!" आणि आमचे धोंडीराम त्याला हळद-कुंकू लावून म्हणत होते, पुढे! पूजा केली, ऐकलं नाही. रॅम आणली, ऐकलं नाही. सुनेला काढायला निघाले, पण ऐकलं नाही!

मुबारकला फोन गेला. तो स्कूटरवर वीट घेऊन आला. अकराला इनामदार साहेब आले, आणि पडद्यावर पंप असा गरगर फिरला की साहेबांनीच तो थांबवायला सांगितला. काम मिळालं.

साहेब गेल्यावर धोंडीराम बराच वेळ करवतीला उगाच तेल देत बसले. सासरा माफी मागत नाही हो, आपल्याकडे तशी पद्धत नाही! शेवटी पाठमोरेच म्हणाले, "पोरी, सोमवारपासनं बटण तू दाब."

"आणि हळद-कुंकू?"

"तू म्हणशील तसं." मग जरा थांबून, "मी बाजूला उभा राहतो. काय लिवून आलं तर मलाबी वाचून दाखव."

प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू.

तर मंडळी, धोंडीरामांना हसलात, पोटभर हसलात. आता एक काम करा. घरी गेल्यावर बायकोला, आईला, सुनेला, जी कोणी तुम्हाला रोज तेच तेच सांगते आणि जिला तुम्ही रोज "हो, हो" म्हणता, तिच्यासमोर बसा. विचारा, "तू मला काय सांगत होतीस गं?" आणि ती काहीच बोलली नाही, नुसती तुमच्याकडे बघत राहिली, तर समजा — सांगून सांगून ती दमली. मग उठू नका. तिथेच बसून राहा, ती बोलेपर्यंत.